मे महिन्यात स्पिती, सोबत सासूबाई (६६) आणि मुलगा (११): कुठून जावं, काय गाळावं?

निशिगंधा_नाशिक

नमस्कार मंडळी. मेच्या सुट्टीत हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जायचं घाटतंय. मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आम्हा दोघांपेक्षा जास्त. चंडीगडपर्यंत आमचे आम्ही पोचू, पुढे ड्रायव्हरसकट गाडी.

एका ट्रॅव्हलवाल्याने पाठवलेला कार्यक्रम असा: चंडीगड, मनाली, तिथून कुंझुम खिंडीवरून एका दिवसात काझा (स्पितीचं मुख्य गाव), आसपासची गावं, चंद्रताल तलाव, परत मनाली. एकूण सहा रात्री आणि "सगळं कव्हर होतं" म्हणे. होतं का खरंच? मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं आहे, रात्री फार तर नऊ-दहापर्यंत वाढवता येतील. जेवण शाकाहारी. जाणकारांनी कृपया सांगावं.

कातळकडा

ताई, त्या कार्यक्रमाचा कागद आधी बाजूला ठेवा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कुंझुम खिंड (साधारण ४५५० मीटर) बर्फाखाली असते. सीमा सडकवाले रस्ता मोकळा करतात तो मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी. अटल बोगद्यामुळे रोहतांग चढायचं वाचलं, पण बोगदा लाहौलमध्ये निघतो. काझ्याला जायला पुढे ग्राम्फू, छत्रू, बातल करत कुंझुम ओलांडावीच लागते. चंद्रतालची वाटही त्याच बाजूची, म्हणजे तुमच्या तारखांना तोही नाही. ट्रॅव्हलवाल्याला हे ठाऊक नसेल असं वाटत नाही. आयत्या वेळी "रस्ता बंद आहे" म्हणून मनालीतच फिरवून आणतील.

तुमच्यासाठी रस्ता एकच, शिमला-किन्नौरचा. दरड कोसळली तर दिवस-दोन दिवस अडकतो, एरवी जवळपास वर्षभर चालू असतो. आणि खिंड उघडी असती तरी सासूबाईंना घेऊन मी ह्याच बाजूने चढलो असतो. मनाली दोन हजार मीटरवर. तिथून एका दिवसात साडेचार हजारांवर चढून रात्री साडेतीन हजारांच्या वर झोपायचं, हे शरीरावर फार होतं. किन्नौरकडून चढण हळूहळू होते: शिमला २२००, कल्पा २९६०, ताबो ३२८०, काझा साधारण ३६५०. स्पितीचा माझा एकच नियम आहे: शिमल्याकडून चढा, आणि खिंड उघडी असेल तर मनालीकडे उतरा. तुम्हाला आल्या वाटेनेच परतावं लागेल. त्यात वाईट काही नाही, किन्नौरमधलं सांगला-चितकुल परतीला ठेवा.

शिमला ते कल्पा एका दमात करू नका. मध्ये सराहनला मुक्काम करा. भीमाकालीचं लाकूड आणि दगडाचे थर रचून बांधलेलं देऊळ सासूबाईंना आवडेल.

बुलेटवाला_सातारकर

एवढं काय घाबरवताय? आम्ही मित्र पहाटे मनालीहून निघून संध्याकाळी काझ्यात होतो. कुणाला काही झालं नाही. थोडं डोकं दुखलं, गोळी घेतली, झोपलो.

कातळकडा

भाऊ, ते "थोडं डोकं दुखलं" म्हणजेच विरळ हवा लागली होती. तुमचं निभावलं, आनंद आहे. इथे प्रश्न ६६ वर्षांच्या बाईंचा आहे. आणि तुमचा सल्ला मानायचा ठरवला तरी मेमध्ये खिंड बंदच!

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर आहे, म्हणून थोडं लिहिते. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांत एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलं तर चालतं. कातळकडांनी दिलेली चढण यात बसते.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. ती असताना आणखी वर चढायचं नाही. चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ किंवा बसल्या जागी दम लागणं दिसलं, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. बाकी सगळे उपाय त्यानंतर. काझ्याला सरकारी दवाखाना आहे, प्राथमिक उपचार होतात. मोठं रुग्णालय थेट किन्नौरमध्ये रेकाँग पिओला.

अ‍ॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर चालत नाही, आणि ती गोळी लघवी वाढवते. सासूबाईंची बीपीची गोळीही त्याच जातीची असेल तर डॉक्टरांना डोस बघू द्या. निघण्याआधी ईसीजी काढून घ्या. ऑक्सिमीटर नेलात तर काझ्याला ८५-९० च्या घरातला आकडा बघून हबकू नका, त्या उंचीवर तो तसाच येतो. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतोय ते बघा. मुलगा चिडचिडा झाला, जेवण ढकलायला लागला, तर "प्रवासाने दमलाय" म्हणून सोडून देऊ नका, डोकं दुखतंय का विचारा.

पाटावरवंटा

मी माझ्या आईला नेलं होतं, म्हणून या दोन गोष्टी. पहिली संडासाची. गावातल्या घरांत कोरडे संडास असतात: मातीच्या जमिनीला चौकोनी भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. स्वच्छ असतात, वास येत नाही, पाणीही लागत नाही. त्या वाळवंटात हाच शहाणपणा. पण दुखऱ्या गुडघ्यांनी उकिडवं बसणं जमत नाही. खोली ठरवताना "कमोड आहे का आणि मेमध्ये नळाला पाणी येतं का" असे दोन्ही प्रश्न विचारा. रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, पाइप गोठतात.

दुसरी कोरड्या हवेची. नाकात खपल्या धरतात, ओठ फुटतात. आपण सवयीने खोबरेल नेतो, ते तिथे बाटलीत दगड होऊन बसतं. व्हॅसलीन न्या, रात्री नाकपुड्यांना आतून बोट फिरवा. पाणी तहान नसली तरी पीत राहायचं.

जेवणाचं मुळीच टेन्शन नको. राजमा-भात, वाटाण्याची भाजी, थुक्पा (नूडल्सचं तिबेटी सूप) सगळीकडे मिळतो. काझ्याला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि चहा आपल्यासारखा कडक होत नाही. आई रोज कपाकडे बघून नाक मुरडायची. मेतकूट आणि भाजणी जवळ ठेवा.

निशिगंधा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. ट्रॅव्हलवाल्याला नाही म्हणून कळवलं. आता असं ठरवतेय: नारकंडा १, सराहन १, कल्पा १, नाको १, ताबो १, काझा २, परतीला सांगला १, रामपूर १. काझ्याहून एका दिवसात लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावं, की गोंपा (मठ) आणि चिचमचा पूल होईल का? आणि सासूबाईंनी हिक्किमच्या पोस्टातून स्वतःच्याच पत्त्यावर पत्र टाकायचं ठरवलंय, ते पोचतं ना?

कातळकडा

पत्र पोचतं, वेळ लागतो. काझ्यातच कार्ड घेऊन लिहून ठेवा, वर वाऱ्यात लिहवत नाही.

नाकोचा मुक्काम काढा. नाको छत्तीसशेच्या वर आहे आणि ताबो त्याच्या खाली, म्हणजे कल्पाहून एकदम सातशे मीटर चढून पुन्हा उतरायचं. त्यापेक्षा नाकोला तळं बघा, जेवा आणि ताबोला झोपा. कल्पाहून लवकर निघा, दिवस मोठा आहे. वाटेत खाबला थांबा, तिथे तिबेटातून आलेल्या सतलजला स्पिती मिळते. ग्यूचा फाटा त्या दिवशी सोडून द्या. ती पाचेकशे वर्षांपूर्वीच्या भिक्षूची ममी परतीला, वेळ उरला तरच.

वाचलेली रात्र ताबोलाच द्या. ताबोचा मठ ९९६ सालचा. बाहेरून मातीच्या बुटक्या भिंती, अर्धे लोक "हेच का ते" म्हणून परत फिरतात. आत शिरल्यावर मिनिटभर काही दिसत नाही. डोळे सरावले की चारी भिंतींवर माणसाच्या उंचीच्या मूर्ती हळूहळू दिसू लागतात आणि त्यांच्या खाली-वर सगळी चित्रं. फोटो काढायला मनाई आहे, टॉर्च न्या. इथे चढ नाही, पायऱ्यांची दमछाक नाही, सासूबाई हवा तितका वेळ बसू शकतील.

काझ्याची यादी मात्र कापा. लांगझा-हिक्किम-कोमिक ४४०० ते ४६०० मीटरवर आहेत. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७-५८ टक्केच. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नुसती की गोंपा करा, गाडी वरपर्यंत जाते. तिसऱ्या दिवशी लांगझा आणि हिक्किम, जेवायच्या वेळेला खाली. कोमिक आणि चिचम गाळा. म्हणजे काझ्याला तीन रात्री हव्यात. नारकंडाची एक तिकडे सरकवा, चंडीगडहून पहाटे निघालात तर सराहन गाठता येतं.

लांगझात पोरं अमोनाइटचे दगड (शंखवाल्या सागरी जीवांचे जीवाश्म) विकायला येतील. तिथे एकेकाळी टेथिस समुद्र होता, त्यातले हे जीव. देवघरातला गंडकीचा शाळिग्राम त्यांच्याच जातीचा. सासूबाईंना हातात घेऊन बघू दे, मुलालाही दाखवा, पण विकत घेऊ नका. गिऱ्हाईक आहे म्हणून डोंगर उकरले जातात.

आणि एक, मेमध्ये तिकडे हिरवं काही शोधू नका. वाटाण्याची पेरणी नुकतीच झालेली असते, शेतं डोंगराच्याच रंगाची. हिरवी शेतं पाहायची तर जुलै-ऑगस्ट, पण तेव्हा किन्नौरच्या दरडी.

घाटवाट

+१, नाकोबद्दल तर नक्कीच. थोडी भर: किन्नौर-स्पितीचाच ड्रायव्हर घ्या, त्याला कुठल्या वळणावर दगड येतात ते माहीत असतं. पोवारीच्या पंपावर टाकी भरून घ्या. काझ्यात एटीएम आहे पण ते चालू असेलच असं धरू नका, रोकड शिमल्यातच काढा. भारतीयांना परवाना लागत नाही, पण सुमदोच्या चौकीवर नोंद करतात, तेव्हा सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी असू द्या. मुलाचं आधारसुद्धा.