प्रतिसाद: फोन खिशातच ठेवायला हवा का?

निसर्गात फिरताना फोन काढला की लक्ष उडतं, म्हणून तो खिशातच ठेवावा, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. सप्टेंबरात कास पठारावर ‘सीतेची आसवं’ या कीटकभक्षी रानफुलाचा फोटो टिपायला पायवाटेच्या कडेला उकिडवा बसलो होतो. जांभळं फूल जेमतेम नखाएवढं, त्यात वारा. तो पडेपर्यंत नुसतं बघत राहायचं. लेन्स फार जवळ नेली की फोकस होत नाही, म्हणून वीतभर मागे सरकून स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक केला. तेवढ्या वेळात देठावरचा थेंब दिसला, चढणारी मुंगीही. (या रोपाचे कीटक पकडणारे इवलेसे फुगे मात्र मातीत, ते कॅमेऱ्याला कुठले दिसायला!)

माझे नियम: फोन फ्लाइट मोडवर, एका जागी तीनच फोटो, घरी पोहोचेपर्यंत गॅलरी बंद. शेवटचा अजून पाळता आलेला नाही.