व्हिसाचं आधी बघा
परदेशात राहण्या-जेवणाच्या बदल्यात काम करायला जाणाऱ्या बाईने, आधी तिथे राहून आलेल्या बायकांचे रिव्ह्यू वाचूनच होस्ट (म्हणजे काम देऊन ठेवून घेणारा) निवडावा असं या चर्चेत वर म्हटलंय ते अगदी पटलं, पण तेवढ्यावर भागत नाही. व्हिसाचा मुद्दा अजून कोणीच काढला नाहीये आणि माझ्या मते बाईच्या सुरक्षिततेशी त्याचा थेट संबंध आहे. पैसे घेत नाही म्हणजे ते काम नाही असं आपण धरून चालतो, पण राहण्या-जेवणाच्या बदल्यात काम हे बऱ्याच देशांत कामच धरतात. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर व्हॉलंटिअरिंग चालतं, पण एकूण ३० दिवसांपर्यंत आणि तेही नोंदणीकृत चॅरिटीसाठीच. इंग्लंड-वेल्समधल्या चॅरिटीचं नाव चॅरिटी कमिशनच्या (चॅरिटींची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर कुणालाही फुकट शोधता येतं. हॉस्टेलमध्ये चादरी बदलून फुकट राहणं त्यात बसत नाही.

माझ्या भाचीला युरोपात एका हॉस्टेलमध्ये दिलेल्या खोलीला आतून कडीच नव्हती, तिने दुसरी खोली मागितली तर मालक सरळ म्हणाला की तक्रार केलीस तर तुझाच व्हिसा जाईल. पोरगी बिचारी गप्प बसली, सुदैवाने परतीचं तिकीट बदलण्याइतके पैसे जवळ होते म्हणून निघता आलं. तेव्हा जायच्या आधी व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा, दार आतून लावून दाखवा म्हणावं, आणि सध्या तिथे राहत असलेल्या एखाद्या मुलीशी मालक समोर नसताना बोला. पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाले तर अजिबात देऊ नका.