माळ्यावर सापडलेलं प्लास्टर (लहान मुलं, मांडीचं हाड, स्पायका म्हणजे छातीखालपासून पायापर्यंतचं प्लास्टर) – तुमचे अनुभव लिहा

चरईची आई: काल माळा आवरताना पोराच्या प्लास्टरचं कापलेलं अर्धं कवच सापडलं. आजीने टाकू दिलं नव्हतं. पोटावर मावशीने स्केचपेनने काढलेलं जास्वंद अजून लाल आहे. अडीच वर्षांचा होता. सोफ्यावरून उतरताना पाय अडकून पिळला नि मांडीचं हाड मोडलं. भूल देऊन छातीखालपासून स्पायका घातला, एक पाय घोट्यापर्यंत, दुसरा गुडघ्यापर्यंत, मधे आडवी काठी. पाच आठवडे. मला एकच चिंता, शी-शूचं काय? सिस्टरनी शिकवलं, छोट्या मापाचा डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत खोचायचा, वरून मोठा बांधायचा. वास यायचा तो यायचाच. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी लिहा ना.

ऐरोलीकरीण: चौथा मजला, लिफ्ट बंद, जुलै महिना. बाकी समजून घ्या. आणि ती मधली काठी धरून मूल उचलायचं नाही हां! आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी तेच केलं, बोलणी मी खाल्ली.

कुरमुरे_वाली: प्लास्टरच्या आत कुरमुरे गेले आमच्याकडे 😭 मग खाज. सासूबाई विणायची सुई घेऊन हजर. सुई लपवली, ड्रायरची गार हवा सोडली. त्या तर गावी हाडवैद्याकडे चला म्हणत होत्या, पण तो वेगळा धागा होईल.

चरईची आई: कुरमुरे 😂 आमच्या कवचातून साबुदाणा निघाला होता.

नेरूळचा बाबा: लेकीच्या एक्स-रेत हाडाची टोकं एकमेकांवर चढलेली, सेंटिमीटरभर तरी. माझं डोकंच फिरलं, याला जोडणं म्हणतात? डॉक्टर म्हणाले, या वयात मोडलेलं हाड भरताना जरा जास्तच वाढतं, म्हणून एवढं आखूड चालतं. मला थाप वाटली. पुढे दोन वर्षं दर महिन्याला टेपने तिचे पाय मोजत होतो, बायको हसायची. आता नऊची आहे, पाय सारखे.

कळवा_लोकल: पुतण्या आठचा, त्याला प्लास्टर नाही, टायटॅनियमचे लवचिक खिळे घातले. शाळेत जाणाऱ्या मुलांना बहुधा तेच करतात.

ऐरोलीकरीण: प्लास्टर कापताना आमची किंचाळली. ते पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं. डॉक्टरांनी आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं तरी काही उपयोग नाही. काढल्यावर लगेच चालेल म्हणून पेढे आणलेले, बाई उठायलाच तयार नाहीत. दहा दिवस रांगली, मग दोनेक महिने लंगडली. पायावर केस किती आलेले!! गेले नंतर.

वाशी_आत्या: भाचीला परवाच घातलाय. पालथं टेकवायला बीनबॅग आहे का कुणाकडे पडून?

कुरमुरे_वाली: आहे, शिवण उसवलीय. मानपाड्याहून न्यावी लागेल.

वाशी_आत्या: शिवण मी घालते. संध्याकाळी सातला येऊ?

कुरमुरे_वाली: सातला घोडबंदर रोडवर, त्या ट्रॅफिकमधे? साडेनऊला या 😀