मदत हवी आहे: वीज दोन-तीन दिवस गेली तर वाडा आणि इमारत मिळून कसं निभवायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यात फोंडा तालुक्यात राहतो. जुना वाडा, म्हणजे जुन्या घरांची वस्ती आहे आणि त्याला लागूनच अलीकडे झालेली चार मजली इमारत. माझं सासर वाड्यात, आमचा फ्लॅट इमारतीत. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं कानावर येतं आणि दोन्हीकडची माणसं मला आपलीच वाटतात.

मागच्या पावसाळ्यात आंब्याचं झाड तारांवर पडलं, खांब वाकले आणि वीज लवकर आलीच नाही. पहिल्या संध्याकाळी सगळं छान होतं. लोक खाली गप्पा मारत बसले, देवळात आरतीलाही नेहमीपेक्षा गर्दी होती. दुसऱ्या दिवशी टाक्या रिकाम्या झाल्या आणि तिथून बिनसलं. इमारतीचं पाणी बोअरवेलचं, पंप बंद. जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. त्यावर पंप जोडायचा का, डिझेलचे पैसे कुणी द्यायचे, यावर जिन्यातच आवाज चढले. मुलं बादल्या घेऊन वाड्यातल्या विहिरीवर गेली, तर "आधी विचारायचं असतं" असं एक काकी म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. विहीर मोजक्या घरांची आहे, दरवर्षी गाळही तीच घरं उपसतात. पण शब्दाला शब्द लागला आणि आजही दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत, हे या सगळ्या गोंधळात बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

हीच माणसं 16 मे 2021 ला तौक्ते वादळाच्या दिवशी कोयते आणि करवती घेऊन रस्त्यावर उतरली होती. कोविडचे दिवस होते, तरी पडलेली झाडं तोडून वाट मोकळी केली. म्हणजे माणसं वाईट नाहीत. मग या वेळी काय कमी पडलं?

माझी नणंद लिस्बनला असते. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदमच गेली, तेव्हा तिच्या गल्लीत लोक एका गाडीचा रेडिओ लावून भोवती उभे होते. बातमी कळत होती, म्हणून कुणी घाबरलं नाही, असं ती सांगते. न्यूयॉर्कमध्ये 1977 साली वीज गेली तेव्हा दुकानं लुटली, जाळपोळ झाली. 2003 साली त्याच शहरात लोक बरेच शांत राहिले, चौकांत साधी माणसं वाहतूक सांभाळत होती. 2012 च्या जुलैअखेरीस उत्तर आणि पूर्व भारतात सुमारे 60 कोटी लोकांच्या भागातली वीज गेली. आपण पश्चिमेच्या ग्रिडवर, म्हणजे विजेच्या वेगळ्या जाळ्यावर, म्हणून वाचलो. पण गोव्याची बहुतेक वीज बाहेरूनच येते, तेव्हा आपल्यावर अशी वेळ येणारच नाही असं धरून चालता येत नाही.

तुमच्या गावात किंवा सोसायटीत हे आधी ठरवून ठेवलंय का? विशेषतः पाण्याचं, आणि आजारी माणसांचं. आणि कुणाचा मान न दुखावता हा विषय बैठकीत काढायचा कसा?

प्रतिसाद, डिचोलीहून

ताई, नवीन समिती करू नका, कुणी येत नाही. चवथीच्या मंडळात वर्गणी, मंडप आणि जनरेटर बघणारी माणसं ठरलेली असतातच, त्यांनाच हे काम द्या. आम्ही देवळाच्या भिंतीवर फळा लावला आहे. एकच माणूस 1912 या विजेच्या तक्रारीच्या नंबरवर फोन करतो आणि कळेल ते वेळ घालून फळ्यावर लिहितो. काही कळलं नाही तर तसंही लिहितो. अफवा निम्म्याने कमी झाल्या. मोबाईलवर विसंबू नका, टॉवरची बॅटरीही काही तासांत उतरते.

प्रतिसाद, निवृत्त लाईनमन

दोन गोष्टी पोटतिडकीने सांगतो. जनरेटर घरातल्या प्लगमध्ये उलटा जोडू नका. वीज मागे लाईनवर जाते आणि खांबावर चढलेला माणूस मरतो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच, लायसन असलेल्या वायरमनकडूनच बसवून घ्या. आणि जनरेटर बंदिस्त पार्किंगमध्ये चालवू नका, त्याच्या धुराने झोपेतच जीव जातो. पडलेल्या तारेजवळ मुलांना जाऊ देऊ नका, ती मेलेली दिसली तरी.

आजींचं मशीन इन्व्हर्टरवर किती वेळ चालतं ते आजच बघा. डॉक्टरांना विचारून भरलेला सिलिंडर घरात ठेवा. आजींकडे कुणी जायचं, त्याचं नाव आधीच ठरवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फळ्याचं आणि आजींचं रविवारीच मांडते. आजींच्या शेजारच्या मुलाने जबाबदारी घेतलीसुद्धा. विहिरीचं मात्र अजून अडलंय. इमारतीने गाळ उपसायचा खर्च उचलावा आणि अडचणीत घरटी ठरलेल्या कळश्या घ्याव्यात, असं माझ्या मनात आहे. काकींना विचारायला मीच जाणार आहे. कुणाच्या गावात विहिरीच्या मालकांशी असं काही लिहून ठरलं असेल, तर त्यात काय काय घातलं होतं ते कळवाल का?