सल्ला हवा: सी६४ची गाणी खऱ्या सिड चिपवर, मिडीतून (बजेट ८,०००)

लिंबूटिंबू
कमोडोर ६४ (सी६४, ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) च्या .सिड फाइली एम्युलेटरवर ऐकून झाल्या, आता त्यातल्या सिड या आवाजाच्या खऱ्या चिपवर ऐकायच्या आहेत. सोल्डरिंग जमतं. आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) पडून आहे. चिपसकट बजेट ८,००० रुपये. सिडची जुनी ६५८१ घ्यावी की नंतरची ८५८०? आणि .सिडची .मिड (मिडीची, म्हणजे वाद्यांना सूर पाठवायच्या पद्धतीची फाइल) करून पाठवली तर चालेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सोल्डरबाबा
.मिड अजिबात करू नका. .सिड फाइल म्हणजे स्वरलिपी नव्हे, तो सी६४च्या ६५१० प्रोसेसरचा प्रोग्रॅम असतो. पाल (५० हर्ट्झ टीव्ही पद्धतीच्या) मशिनवर तो साधारणपणे सेकंदाला ५० वेळा, म्हणजे दर फ्रेमला एकदा, चिपच्या रजिस्टरांत (आकडे ठेवायच्या खणांत) आकडे लिहितो. पल्सची रुंदी, फिल्टर, वेव्हफॉर्म, सगळं दर फ्रेमला हलतं. नोट ऑन-नोट ऑफमध्ये त्यातलं काही उरत नाही, जुन्या मोबाइलचा रिंगटोन तेवढा हाती येतो.

तुम्हाला हवा आहे तो ए-सिड. एलेक्ट्रॉन कंपनीने सिडस्टेशन या आपल्या सिड सिंथसाठी काढलेला प्रोटोकॉल. ६५१० लॅपटॉपवर एम्युलेट होतो आणि बदललेली रजिस्टरं सिसएक्समधून (मिडीतल्या खास उपकरणापुरत्या लांब संदेशातून) चिपकडे जातात. संदेश असा (हेक्समध्ये): एफ०, २डी, ४ई, मग कोणती रजिस्टरं बदलली ते सांगणारे ४ बाइट, वरच्या बिटांचे ४ बाइट (मिडीत बाइटला ७ च बिट वापरता येतात), मग २८ पर्यंत आकडे, शेवटी एफ७. सिडला लिहायची रजिस्टरं २५, मग २८ कशी? तिन्ही आवाजांचं कंट्रोल रजिस्टर एका फ्रेममध्ये दोनदा लिहिता यावं म्हणून. ही दुसरी नोंद तुमच्या कोडमध्ये राहून गेली तर स्वरांची सुरुवात बोथट होते, आणि माणूस चिपला दोष देत बसतो.

कानसेन
८,००० मध्ये काही होत नाही हो. सरळ थेरपसिड हा तयार सिड सिंथ घ्या. ए-सिड आहे, नॉब आहेत, डोक्याला ताप नाही. माझ्याकडे आहे, आजवर एकदाही उघडावा लागलेला नाही. नाहीतर मेगाएफएम सिंथ बघा, त्यात सेगा मेगा ड्राइव्हची वायएम२६१२ चिप, तीही दोन. सिडचे तीनच आवाज, महिन्याभरात कंटाळाल.

लिंबूटिंबू
बजेट ८,००० आहे.

आजोबा_२१४९
सिड, सिड, सिड! अटारी एसटीला १९८५ साली मिडीची भोकं मशिनच्या अंगावरच होती, हे कोणी सांगणार नाही. त्यातली आवाजाची चिप वायएम२१४९ वापरा. ५ व्होल्टवर चालते, १२ चं लफडं नाही, फिल्टरचे कपॅसिटर नाहीत. फक्त २६ नंबरची पिन जमिनीला जोडली की क्लॉक निम्मा होतो आणि सगळं एक सप्तक खाली जातं, तेवढं बघा.

सोल्डरबाबा
आजोबा, त्यांना .सिड वाजवायच्या आहेत. २१४९ला फिल्टरच नाही, काय वाजवणार?

आजोबा_२१४९
चांगली गाणी.

नागपुरी_वायर
.मिड करू नका, +१.

चिपबद्दल: ८५८०. आवाज स्वच्छ, फिल्टर बऱ्यापैकी एकसारखा, तापत कमी. ६५८१ चा फिल्टर चिपगणिक वेगळा, एकीवर गाणं उजळ तर दुसरीवर घोंगडं पांघरल्यासारखं. शिवाय ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या चिपांवरचा छापा घासून नवा मारलेला असू शकतो. पटकन लक्षात न येणारं म्हणजे तिन्ही आवाज वाजतात पण फिल्टर मेलेला. तेव्हा लो-पास, बँड-पास, हाय-पास तिन्ही वेगवेगळे तपासा.

व्होल्टेज चुकवू नका. ६५८१ ला पिन २८ वर १२, ८५८० ला ९. फिल्टर कपॅसिटर (पिन १-२ आणि ३-४) ६५८१ ला ४७० पिकोफॅरड, ८५८० ला २२ नॅनोफॅरड. पिन २७ वरून जमिनीला १ किलोओहम फक्त ६५८१ साठी. छाप्यावर शंका असेल तर आधी ९ च द्या. ६५८१ असली तर आवाज बिघडेल, चिप वाचेल. उलट ८५८० ला १२ दिलेत की राम म्हणायचं.

कानसेन
८५८०च. किंवा आर्मसिड घ्या, मायक्रोकंट्रोलर दोन्ही चिपांचं सोंग आणतो, सॉकेटमध्ये बसवलं की झालं.

आजोबा_२१४९
खरी चिप हवी म्हणून धागा काढलाय आणि हे सोंग विकतायत. मग एम्युलेटर काय वाईट होता?

सोल्डरबाबा
अवांतर पुरे. मिडीचं गणित ऐका. वेग ३१,२५० बिट, एका बाइटला १० बिट, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. मोठ्यात मोठा ए-सिड संदेश ४० बाइटचा, त्याला १२.८ मिलिसेकंद लागतात. फ्रेम २० ची, तेव्हा साध्या गाण्यांना पाच पिनी केबल आरामात पुरते. फ्रेममध्ये दोनदा लिहिणाऱ्या गाण्यांना १० मिलिसेकंदच मिळतात. त्यात १९ रजिस्टरं बसतात, जास्त बदलली की लय लंगडते. चौपट वेगाची आणि सॅम्पल वाजवणारी गाणी या केबलवर विसरा.

नॅनोची जोडणी: डेटा ८, पत्ता ५, सीएस, रिसेट, क्लॉक, अशा १६ पिना (सीएस म्हणजे चिप निवडायची पिन). क्लॉक डी९ वरूनच काढा, टायमर १ ने १६ मेगाहर्ट्झला १६ ने भागलं की १ मेगाहर्ट्झ. सिडची आर/डब्ल्यू (वाचा-लिहा) पिन जमिनीला. डेटा आणि पत्ता आधी मांडा, मग सीएस खाली, क्लॉकचं एक आवर्तन पूर्ण होऊ द्या, मग वर. पाल सी६४ चा क्लॉक ०.९८५ मेगाहर्ट्झ, म्हणून सूर २६ सेंट (साधारण पाव अर्धस्वर) चढा येईल. लय बदलणार नाही, ती लॅपटॉप ठरवतो. टोचलंच तर लॅपटॉपवरच्या गाण्याशी ताडून बघूच नका.

नागपुरी_वायर
मिडी इनला ६एन१३८ ऑप्टोकपलर लावा. दुकानदार पीसी८१७ पुढे करेल, घेऊ नका. ती ३१,२५० ला मंद पडते, बाइट तुटतात. इनपुटला २२० ओहम आणि उलटा १एन४१४८ डायोड. आणि स्केच अपलोड करताना डी० वरची वायर काढा, नाहीतर अपलोड अडकतं. यूएसबीची सिरियलही त्याच पिनेवर येते.

यूएसबी-मिडी केबल अगदी स्वस्तातली नको. माझ्या पहिल्या केबलीवर नोटा सुरळीत जायच्या, पण लांब सिसएक्स चुरगळून यायचा. दोन रात्री कोड तपासत बसलो होतो. केबलीचं आउट तिच्याच इनमध्ये घालून ४० बाइटचा सिसएक्स पाठवा, जसाच्या तसा परत आला पाहिजे.

कानसेन
म्हणून म्हणतो, थेरपसिड.

सोल्डरबाबा
वाजवायला डीपसिड ही वेबसाइट बरी, तिथे प्लेअरमध्ये ए-सिड निवडता येतं. क्रोम सिसएक्सची परवानगी विचारतो, ती नाकारली गेली तर सगळं ठीक दिसतं आणि आवाज येत नाही. सफारीत हे चालत नाही.

लिंबूटिंबू
सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली आहे.

६५८१ घेतोय. मला आवडणाऱ्या बहुतेक फाइलींच्या माहितीत ६५८१च लिहिलेलं आहे. ती गाणी ज्या घोंगड्यातून ऐकून केली, त्याच घोंगड्यातून ऐकेन. १२ व्होल्टला यूएसबीवरून बूस्ट मॉड्यूल (व्होल्टेज वाढवणारं) लावून होईल.

नागपुरी_वायर
बूस्ट मॉड्यूल नको!! त्याची शिटी थेट ऑडिओत येते. १५ व्होल्टचा अडॅप्टर आणि ७८१२ रेग्युलेटर, वर छोटा हीटसिंक. चिपलाही एक चिकटवा.

लिंबूटिंबू
बूस्ट मॉड्यूल मागवून झालं. पुण्यात कोणाकडे ६एन१३८ जादा आहेत का? बुधवार पेठेत तीन दुकानांत पीसी८१७च पुढे केली.