शब्द हवा: चिनी 'रुन-युए'ला 'अधिक मास' म्हणावं का?

ओसरी
चिनी पंचांगावरचा मजकूर मराठीत आणतेय. २०२५ साली तिथे 'रुन ल्यौ-युए' होता. ल्यौ म्हणजे सहा, युए महिना, रुन जादाचा. कोशात 'अधिक मास' मिळतो. पण तिथे नेहमीचा सहावा महिना आधी (२५ जून ते २४ जुलै) आणि रुन सहावा त्यानंतर (२५ जुलै ते २२ ऑगस्ट). आपल्याकडे उलट: २०२३ चा अधिक श्रावण १८ जुलैला लागला, निज म्हणजे नेहमीचा श्रावण १७ ऑगस्टला. 'अधिक सहावा' लिहिलं की वाचक तो आधीचा धरणार आणि तारखा महिनाभर सरकणार. काय लिहावं?

तिठा
अधिकच लिहा. तत्त्व एकच आहे. ज्या चांद्रमासात संक्रांत, म्हणजे सूर्याचा नव्या राशीत प्रवेश, नाही तो आपला अधिक. ज्यात 'चुंग-छी' नाही तो त्यांचा रुन. चुंग-छी म्हणजे सूर्याच्या २४ टप्प्यांतले एकाआड एक १२. त्यांची गणना सायन (संपातबिंदूपासून), आपली निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने), म्हणून महिने जुळत नाहीत. २०२३ मध्ये त्यांचा रुन दुसरा होता, २२ मार्चपासून. एका तळटीपेत क्रम सांगून टाका.

झुंजूमुंजू
तळटीप कोण वाचतं? 'अधिक' म्हटलं की धोंडा, वाण, जावयाचे अनारसे सगळं सोबत येतं. 'पुन्हा सहावा' लिहा, क्रम शब्दातच कळतो.
शिवाय नुसता 'सहावा'ही फसवा आहे. 'अर' म्हणजे दोन, पण 'अर-युए' म्हणजे फेब्रुवारीही आणि चांद्र दुसराही. ओळख तारखेवरून पटते: 'अर-युए अर हाव' ही २ फेब्रुवारी, 'अर-युए छू-अर' ही चांद्र दुसऱ्याची दुसरी तिथी. 'छू' फक्त चांद्र १ ते १० ला लागतो. आणि 'ल्यांग-ग युए' म्हणजे दोन महिन्यांचा काळ. तिथे 'अर' चालत नाही.

तिठा
'छू-यी'ला मात्र प्रतिपदा म्हणू नका. ज्या दिवशी बीजिंगच्या वेळेनुसार अमावास्येचा क्षण येतो तोच त्यांचा पहिला दिवस. २०२५ चं चिनी नववर्ष २९ जानेवारीला, आपल्या मौनी अमावास्येला. उलट रुन सहाव्याचा पहिला दिवस आपल्या श्रावण शुद्ध प्रतिपदेला. पक्ष नाहीतच, २९ किंवा ३० पर्यंत सलग मोजतात.

पाटीपेन्सिल
याहून जास्त चुका 'परवा'त होतात. 'छ्येन-थ्येन', शब्दशः समोरचा दिवस, म्हणजे होऊन गेलेला परवा. 'हौ-थ्येन', पाठीमागचा, म्हणजे येणारा. आधी 'दा' लावला की तेरवा, म्हणजे परवाच्याही पलीकडचा दिवस. आपण भविष्याला 'पुढे' म्हणतो, त्यामुळे शिकणारे नेमके उलटे लावतात.

झुंजूमुंजू
उलटं कुठे? 'मागाहून सांगतो' म्हणजे नंतरच सांगतो ना? 'पूर्व' म्हणजे समोरचा आणि आधीचाही, 'पश्चात्' म्हणजे मागे आणि नंतरही. हीच वाट मराठीत आहे, 'पुढच्या आठवड्या'मुळे ती झाकली गेली.

तिठा
'मागाहून'मध्ये रांग आहे, पाठ नाही. रांगेत जो मागे तो नंतर पोचतो.

पाटीपेन्सिल
मग 'छ्येन'लाही रांगच लावा, अर्थ चोख बसतो. पण अनुवादात 'तेरवा' नको, अनेकांना तो आता अडतो. 'तीन दिवसांपूर्वी' लिहा.

झुंजूमुंजू
चिनीत एका शब्दाचं काम आणि मराठीत शब्द असताना दोन शब्द? 'तेरवा'च लिहायचा. वापरला नाही तर अडणारच.

ओसरी
'तेरवा' ठेवते. 'पुन्हा सहावा' की 'अधिक सहावा' यावर अजून कुणी बोलेल का?