जाहिरातीत ‘अजाइल’ लिहिलंय म्हणजे तिथलं काम अजाइल धरायचं का?

श्रमबाजार_पीएचडी

नमस्कार मंडळी. श्रम-अर्थशास्त्रात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. विषय थोडक्यात असा: सॉफ्टवेअरचं काम अजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत आणि टीमने स्वतः ठरवून, व्हायला लागलं की कंपन्या कोणती माणसं शोधतात, कशाचे जास्त पैसे मोजतात, आणि जुन्याजाणत्यांच्या अनुभवाचा भाव चढतो की उतरतो.

हे सगळं नोकरीच्या जाहिरातींवरून मोजायचं ठरवलंय. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे या अर्थतज्ज्ञांनी २००७ ते २०१९ मधल्या ऑनलाइन जाहिराती तपासल्या होत्या. तांत्रिक नोकऱ्यांत मागितली जाणारी कौशल्यं फार लवकर बदलतात, म्हणून इंजिनिअरांना सुरुवातीला मिळणारी पगारातली आघाडी वयाबरोबर कमी होत जाते, असं त्यांना दिसलं. तोच मार्ग धरून निघाले आणि अडकले.

कॉम्प्युटरकडे सोपवण्याआधी दोनशे जाहिराती स्वतः वाचल्या. त्यातली एक अशी: पहिल्या ओळीत ‘स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी अजाइल टीम’. चौथ्या ओळीत ‘मॅनेजरने नेमून दिलेलं काम ठरलेल्या तारखेला पूर्ण करून देणे’. ‘अजाइल’च्या रकान्यात हिला १ द्यायचा की ०? दोन दिवस याच एका जाहिरातीवर बसलेय. गाईड म्हणतात, शब्द आहे ना, १ टाका आणि पुढे चला. मला पटत नाहीये. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

कोडवाला_१९

० टाका.

एकोणीस वर्षं कोड लिहितोय. दोन टीमचं सांगतो. दोन्हीकडे दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा एक टप्पा), रोज सकाळी स्टँडअप (कोण काय करतंय ते सांगायची छोटी बैठक), शेवटी रेट्रो (काय जमलं, काय नाही याची चर्चा). कागदावर काडीचा फरक नाही.

पहिल्या टीममध्ये आम्ही सहा जण. बॅकलॉगमधून, म्हणजे बाकी कामांच्या यादीतून, काम आम्हीच उचलायचो. काम किती मोठं आहे याचा पॉइंटमध्ये अंदाज बांधताना एकाने ३ म्हटलं आणि दुसऱ्याने १३, तर त्या दोघांनी आधी बोलायचं. बहुतेक वेळा १३ वाल्याला कोडमधला एखादा जुना खड्डा माहीत असायचा, जो बाकीच्यांना ठाऊकच नसायचा. त्या पाच मिनिटांत मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही. टेस्टिंग मागे पडलं की आम्हीच टेस्टिंगला बसायचो.

दुसऱ्या कंपनीत मॅनेजर महिन्याच्या शेवटी प्रत्येकाचे स्टोरी पॉइंट (तेच अंदाजाचे आकडे) एका शीटमध्ये नावापुढे लिहायचा आणि ती शीट अप्रेझलला समोर यायची. तिसऱ्या महिन्यात पॉइंट फुगायला लागले. लॉगिनच्या पानावरचं एक बटण हलवायचं काम २ चं होतं, ते ५ चं झालं. आणि मदत बंद पडली, कारण मदतीला पॉइंट नाहीत. एक नवीन मुलगी पेमेंटच्या कोडमध्ये चार दिवस अडकली होती. स्टँडअपला ती रोज तेच वाक्य म्हणायची, ‘कालचंच काम पुढे चालू आहे’, आणि आम्ही सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघायचो. मीही उठलो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्डला, १७ जणांनी बसून अजाइलचा मूळ जाहीरनामा लिहिला. त्याच्या बारा तत्त्वांपैकी एक म्हणतं की सगळ्यांना कायम झेपेल अशाच वेगाने काम चालावं. एकेकट्या माणसाचे पॉइंट मोजा असं त्यात कुठेही नाही. त्या १७ जणांपैकी रॉन जेफ्रीज यांनी तर नंतर लिहिलं की स्टोरी पॉइंट कदाचित आपणच काढले असतील, आणि तसं असेल तर त्याची आपल्याला खंत वाटते.

तेव्हा शब्द बघू नका. काम कोण उचलतं आणि कोण वाटतं, तेवढं बघा.

अर्थमास्तर

कोडवाला यांनी जे सांगितलं त्याची मांडणी होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रॉम या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये केली आहे. कामाला अनेक अंगं असतील आणि पैसे त्यातल्या मोजता येणाऱ्या एकाच अंगाला जोडले, तर माणूस न मोजलेली अंगं सोडून देतो. पेमेंटच्या कोडमधली ती मुलगी म्हणजे ते न मोजलेलं अंग.

तुमच्या पगाराच्या प्रश्नाला अर्थतज्ज्ञ बेकर यांचा १९६४ चा भेद लागेल: कुठेही चालणारं कौशल्य आणि त्याच कंपनीत चालणारं कौशल्य. ‘१३ का म्हणालास’ या चर्चेतून मिळतं ते दुसऱ्या प्रकारचं, किंबहुना त्याहून अरुंद, त्या सहा जणांपुरतंच. टीम मोडली की ते गेलं. मला वाटतं प्रबंधाचा गाभा इथे आहे, जाहिरातीतल्या शब्दात नाही.

पद्धतीबद्दल एकच: वाक्यांतली क्रियापदं वाचा. ‘ठरवणे’, ‘निवडणे’ वेगळी आणि ‘नेमून दिलेलं पूर्ण करणे’ वेगळं. तुमच्या दोनशे जाहिराती दुसऱ्या कोणाकडून, तुमचे आकडे न दाखवता, पुन्हा वाचून घ्या आणि दोघांचं कितपत जुळतं ते कोहेन यांच्या कप्पाने (दोघांचं जुळणं निव्वळ योगायोगापेक्षा किती जास्त, हे सांगणारा आकडा) तपासा. न जुळलेल्या जाहिराती टाकून देऊ नका, त्याच नीट वाचा.

टेस्टिंगवाली

मला मात्र तो शब्द फेकून द्यावा असं वाटत नाही. कंपनीने तो लिहिला, कारण उमेदवारांना तो हवाय हे तिला माहीत आहे. मी स्वतः पगार थोडा कमी असूनही अशा टीममध्ये गेले होते. तुम्ही श्रमबाजार अभ्यासताय, मग काय आमिष दाखवलं जातंय हीसुद्धा माहितीच आहे ना?

अर्थमास्तर

टेस्टिंगवाली, मुद्दा मान्य. तांबे, ये आणि कॅपेली यांचा २०२० चा अभ्यास याच वळणाचा आहे: नव्या तंत्रज्ञानावर काम करायला मिळावं म्हणून आयटीतले लोक पगारात तडजोड करतात.

श्रमबाजार_पीएचडी

सगळ्यांचे मनापासून आभार. मग एक रकाना दोन करते: ‘शब्द आहे का’ आणि ‘काम टीम उचलते का’. त्या जाहिरातीला पहिल्यात १, दुसऱ्यात ०. पहिल्या रकान्याचा पगाराशी काय संबंध आणि दुसऱ्याचा काय, हे आता वेगवेगळं बघता येईल. दोनशेही पुन्हा पहिल्यापासून वाचते, आणि एका मैत्रिणीलाही वाचायला देते.

कोडवाला, एक विचारू? पेमेंटच्या कोडमध्ये अडकलेल्या त्या मुलीला शेवटी कोणी मदत केली का?

कोडवाला_१९

नाही. तिने सातव्या दिवशी एकटीनेच ते सोडवलं आणि पुढे चार महिन्यांत नोकरी सोडली. जाण्याआधी सीव्ही मला दाखवायला आणला होता. त्यात ‘अजाइल टीममध्ये कामाचा अनुभव’ अशी ओळ होती. मी एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि ती ओळ तशीच ठेवली.